परदेशात बिऱ्हाड हलवताना कस्टम्सचे नियम: खान्देशातल्या घरांना पडणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारची पोरं शिकून पुण्या-मुंबईला जातात आणि तिथून अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया गाठतात. बिऱ्हाड मात्र बांधलं जातं गावाकडच्या घरात, आई-वडील, काका-काकूंच्या देखरेखीखाली. प्रश्नही तिथेच उठतात. इथे उत्तरं प्रामुख्याने भारतातून बाहेर जाणाऱ्या सामानाबद्दल आहेत. नियम बदलत राहतात, म्हणून सामान बांधण्याआधी ज्या देशात जाताय त्या देशाच्या कस्टम्सच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

घरातलं वापरलेलं सामान नेलं तर ड्युटी भरावी लागते का?

साधारणपणे नाही. राहायला येणाऱ्या माणसाने आपलं जुनं घरसामान आणलं तर बहुतेक देश त्यावर ड्युटी माफ करतात. पण ही माफी आपोआप मिळत नाही, मागावी लागते. कस्टम्स अधिकारी तीन गोष्टी बघतो: वस्तू तुमचीच आहे का, तुम्ही ती खरोखर वापरली आहे का, आणि तिथे गेल्यावर ती तुम्हीच वापरणार का विकणार. या तिन्हींची उत्तरं कागदावर नीट दिसली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम खाण्यापिण्याच्या, लाकडाच्या आणि मातीच्या वस्तूंचं आहे. खान्देशातल्या घरांची खरी अडचण तिथेच होते, त्यामुळे पुढे त्यावरच जास्त लिहिलं आहे.

'वापरलेलं' म्हणजे किती दिवस वापरलेलं?

देशागणिक वेगळं. अमेरिकेत फर्निचर, भांडी, चादरी-गालिचे असं घरसामान किमान एक वर्ष तुमच्या घरात वापरात असायला हवं. हे वर्ष सलग असायला हवं असं नाही. कपडे आणि अंगावरच्या वस्तूंना ही वर्षाची अट नाही. ब्रिटन आणि युरोपीय संघात (जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड वगैरे) वस्तू किमान सहा महिने तुमच्याकडे वापरात आणि तुम्ही स्वतः किमान सलग बारा महिने त्या हद्दीबाहेर राहिलेले, अशा दोन अटी आहेत. ऑस्ट्रेलियात निघण्याआधीचे बारा महिने वस्तू तुमच्या मालकीची आणि वापरातली असावी लागते. कॅनडात महिन्यांचा हिशेब नाही, पण तिथे पोचण्याआधी वस्तू तुमच्या मालकीची, ताब्यातली आणि वापरलेली हवी.

म्हणून जायच्या आदल्या महिन्यात नवा सोफा, नवा टीव्ही घेऊन 'तिकडे महाग मिळतो' म्हणत कंटेनरमध्ये टाकू नका. पावतीवरची तारीखच तुमच्या विरोधात जाते.

फॉर्म कोणता भरायचा?

अमेरिकेसाठी फॉर्म ३२९९. ब्रिटनसाठी टीओआर-१ हा अर्ज ऑनलाइन करायचा, आणि तो सामान पोचण्याच्या आधी. मंजूर झाला की एक क्रमांक मिळतो, तो मालवाहतूक कंपनीला द्यायचा. जर्मनीत फॉर्म ०३५० आणि सोबत तिथल्या महापालिकेत रहिवासी म्हणून नाव नोंदवल्याचा दाखला. ऑस्ट्रेलियासाठी बी ५३४. कॅनडासाठी बीएसएफ १८६.

कॅनडाला जाणाऱ्यांनी एक गोष्ट गाठीला बांधून ठेवावी. सामान सहा महिन्यांनी येणार असलं तरी त्याची यादी पहिल्यांदा कॅनडात उतरताना विमानतळावरच अधिकाऱ्याला दाखवायची असते. 'मागून येणारं सामान' म्हणून ती नोंदली गेली नाही, तर पुढे सामान आल्यावर ड्युटीमाफीची अडचण होते. नुसता पीआरचा (कायमच्या रहिवासाचा) शिक्का घ्यायला आठवडाभर जाऊन परत येणारे नेमकं हेच विसरतात.

लग्न नुकतंच झालंय. रुखवतातली भांडी, नवा पलंग, आहेरात आलेल्या वस्तू नेता येतील का?

देश कोणता त्यावर आहे. युरोपीय संघात लग्न करून राहायला येणाऱ्यांसाठी वेगळी सवलत आहे. लग्नाच्या दोन महिने आधीपासून लग्नानंतर चार महिन्यांपर्यंत आणलेलं संसाराचं सामान नवं असलं तरी ड्युटीमाफीत बसतं. भेटवस्तूंना मात्र प्रत्येकी एक हजार युरोची मर्यादा आहे. लग्नाचा दाखला लागतो. विवाह नोंदणी दाखला ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर आधीच करून घ्या. कॅनडातही येण्याच्या आधी किंवा नंतर तीन महिन्यांच्या आत लग्न असेल तर आहेराच्या वस्तूंना 'वापरलेली हवी' ही अट लागत नाही.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत रुखवतातलं नवंकोरं सामान घरीच ठेवलेलं बरं. आईला वाईट वाटतं, हे खरं. पण पॅकबंद स्टीलचा डिनर सेट तिथे आयात केलेला नवा माल समजला जाऊ शकतो. तो वर्षभर सासरी किंवा पुण्याच्या फ्लॅटवर वापरा आणि नंतर न्या.

यादी कशी करायची? एजंट म्हणतो 'आम्ही करून देतो'.

खोकी एजंटच्या माणसांनी भरली तरी यादी तुम्ही स्वतः करा. एजंटचा माणूस 'किचन आयटम्स – १२ बॉक्स' असं लिहून मोकळा होतो, आणि अशी मोघम नोंद दिसली की अधिकारी ते बाराही खोके उघडायला लावतो. उघडण्याचा, परत बांधण्याचा आणि बंदरात सामान पडून राहण्याचा खर्च तुमच्या माथी येतो.

प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या, तो खोक्याच्या दोन बाजूंना मोठा लिहा. यादीत त्या क्रमांकापुढे आत काय, किती नग, कधीपासून वापरात आणि आजची अंदाजे किंमत, असं इंग्रजीत लिहा. उदाहरणार्थ सात नंबरच्या खोक्यात 'स्टीलची ताटं सहा, वापरातली, २०१९. प्रेशर कुकर एक, वापरातला. पोळपाट-लाटणं लाकडी, वापरातलं'. लाकूड, बांबू, चामडं, लोकर, पीस यापैकी काही असेल तर ते नाव लिहायचंच. 'इतर', 'किरकोळ', 'पूजेचं सामान' हे शब्द यादीत नकोत. पूजेच्या सामानात समई आहे की सुपारी, यावर सगळं ठरतं.

किंमत लिहिताना आज ती वस्तू जुनी म्हणून विकली तर काय येईल, ती लिहा. शून्य लिहू नका, आणि विम्यासाठी म्हणून फुगवूही नका. विमा कंपनी आपली यादी वेगळी मागते, तिथे वस्तू नव्याने घ्यायला लागणारी किंमत चालते. आणखी एक: खोकी घरच्यांनी बांधली असतील तर बऱ्याच विम्यांत आतल्या फुटतुटीची भरपाई मिळत नाही. काचेची आणि चिनीमातीची भांडी तेवढी कंपनीच्या माणसांकडून बांधून घ्या.

काळा मसाला, डाळी, लाल मिरची, बिबडे, पापड कंटेनरमध्ये घातले तर?

घालू नका. हे सगळ्यात ठामपणे सांगतो, कारण मागणी सगळ्यात जास्त याच वस्तूंची असते. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेले बिबडे आणि कुरडया, नंदुरबारच्या बाजारातून आणलेली मिरची, नवापूरची तूरडाळ, हे सोडून जायचं म्हणजे घर सोडून जाण्यासारखंच वाटतं. तरीही.

कारण आहे खापरा भुंगेरा. साठवणीच्या धान्यात होणारा हा बारीक किडा मूळचा आपल्याच भागातला. त्याची अळी खायला काही नसतानाही वर्षानुवर्षं फटीत दबा धरून जिवंत राहते आणि फवारणीला सहज दाद देत नाही. ज्या देशांत तो नाही ते देश त्याला विलक्षण घाबरतात, कारण एकदा तो गोदामांत शिरला की त्यांची धान्य निर्यात अडचणीत येते. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात आयात झालेल्या फ्रिजच्या पॅकिंगमध्येही तो सापडला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ऑस्ट्रेलियाने मागून येणाऱ्या घरसामानात धोक्याचे वनस्पतिजन्य पदार्थ आणायला सरळ बंदी घातली. त्या यादीत तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, चवळी, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप आणि सुकी मिरची आहे. म्हणजे आपला अख्खा मसाल्याचा डबाच. अमेरिकेतही खापरा असलेल्या देशांतून घरगुती वापरासाठी तांदूळ आणता येत नाही.

तूप, पेढे, खवा, खारवलेलं किंवा सुकवलेलं मटण यांची गोष्ट वेगळी. तिथे कारण जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचं. भारतात हा रोग आहे, त्यामुळे दूध आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानात आणायला युरोपीय संघ आणि ब्रिटन मनाई करतात. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाही यात कडक आहेत.

मग मसाला न्यायचाच नाही का? थोडा न्या, पण हातातल्या सामानात किंवा चेक-इन बॅगेत, कंपनीच्या बंद पाकिटातला, नाव आणि घटक छापलेला, आणि उतरल्यावरच्या कार्डावर 'खाद्यपदार्थ आहेत' यापुढे 'हो' अशी खूण करून. खूण केली आणि अधिकाऱ्याने पाकीट काढून घेतलं, तर नुकसान त्या पाकिटापुरतं. लपवलं आणि सापडलं तर दंड, आणि ऑस्ट्रेलियात व्हिसा रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. काळ्या मसाल्याची कृती कागदावर घ्या. धणे-खोबरं-मिरची त्या देशातल्या भारतीय किराणा दुकानात मिळते, ती तिथेच भाजा. आखाती देशांत जात असाल तर खसखशीबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, ते जरूर वाचा.

गोवऱ्या, गोमूत्र, केरसुणी, सूप, टोपली?

गोवऱ्या आणि गोमूत्र अजिबात नाही. २०२१ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या एका सुटकेसमध्ये गोवऱ्या सापडल्या. त्या तिथेच नष्ट केल्या, आणि कारण दिलं तेच, लाळ्या-खुरकूत. गृहप्रवेशाच्या होमासाठी म्हणून नेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण तिथल्या पशुपालकाच्या दृष्टीने तो रोगाचा धोका आहे.

शिंदीच्या पानांची केरसुणी, बांबूचं सूप, टोपली या वाळलेल्या वनस्पतीच्या वस्तू. त्या जाहीर कराव्या लागतात, आणि पानाच्या घडीत दाणे किंवा किडा दिसला तर जातात. लक्ष्मीपूजनापुरतं छोटंसं नवं पितळी सूप घ्या.

आमच्याकडे कानबाईचं (श्रावणात बसवली जाणारी खान्देशी देवी) पूर्वापार चालत आलेलं नारळ आहे. थोरल्या मुलाकडे ते जायला हवं. नेता येईल?

हा प्रश्न श्रावण जवळ आला की हमखास येतो, आणि त्यामागची तळमळ कळते. नारळ ही वनस्पतिजन्य वस्तू आहे, मग ते कितीही जुनं आणि कोरडं असो. ते जाहीर करावंच लागेल, आणि आत येऊ द्यायचं की नाही हे अधिकारी ठरवेल. तो नाही म्हणाला तर ते नष्ट केलं जाईल, परत मिळणार नाही. पिढ्यांचं नारळ अशा जोखमीवर पाठवू नका. ते गावातल्या भाऊबंदांकडे राहू द्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई तिथे बसवा, आणि परदेशातल्यांनी जमेल तेव्हा त्या रोटांना (कानबाईच्या प्रसादाच्या जेवणाला) गावी यावं. कानबाईचे दागिने, नथ, वस्त्रं न्यायला हरकत नाही.

भरिताच्या वांग्याचं बी नेऊ का? तिकडे हिरवी वांगी मिळत नाहीत.

जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे हौस समजू शकते. पण पेरायचं बी हा सगळ्यात कडक प्रकार. त्याला भारताच्या वनस्पती संगरोध विभागाचा रोगमुक्तीचा दाखला लागतो आणि वर बऱ्याच देशांचा आयात परवाना. पुडी करून खिशात नेऊ नका.

खोकी कुठली वापरायची? केळीचे रिकामे खोके घरात पडलेत.

रावेर, यावल, सावद्याकडे हे खोके मजबूत आणि फुकट मिळतात, म्हणून बरेच जण पुस्तकं त्यातच भरतात. आधी फळं-भाज्या भरलेली खोकी, गव्हाचं काड, तूस, पेंढा, पोती यातलं काहीही पॅकिंगला चालत नाही. त्यातून कीड आणि बुरशी जाते असं धरलं जातं. नवी कोरी पुठ्ठ्याची खोकी घ्या.

गावातल्या सुताराकडून फ्रिजसाठी लाकडी पेटी करून घेणार असाल तर थांबा. बाहेर जाणाऱ्या पॅकिंगच्या लाकडाला आयएसपीएम-१५ हा आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे: लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं किंवा धुरी (कीड मारणारा वायू) दिलेलं हवं, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का हवा. शिक्का नसलेली पेटी तिथे अडते.

जुना सागवानी झोपाळा, पाट, देव्हारा?

सागवान न्यायला अडचण नाही, किडीची आहे. नेण्याआधी घरीच तपासा. पाट उलटा करा, पायाच्या सांध्यांत आणि रंग न लावलेल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात का बघा. मग पांढऱ्या कागदावर ठेवून हाताने दोन-चार वेळा ठोका. कागदावर पिठासारखा भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे. असा नग ऑस्ट्रेलियात पोचला तर तुमच्या खर्चाने धुरी देतात, नाहीतर परत पाठवा किंवा नष्ट करा असं सांगतात. झोपाळ्याच्या कड्या, पाट्याच्या खाचा, कुदळ-खुरपं, सायकलची चाकं, चपला यांना मातीचा कणसुद्धा नको. पाटा-वरवंटा आणि जातं नेता येतं, पण टाक्यांच्या घावांत अडकलेलं पीठ ब्रशने आणि उकळत्या पाण्याने काढा, दोन-तीन दिवस उन्हात ठेवा आणि मगच गुंडाळा. चैत्र-वैशाखातलं जळगावचं ऊन या कामाला उत्तम.

शिसवी कपाट असेल तर वेगळा नियम. शिसम-शिसव वर्गातली सगळी झाडं २ जानेवारी २०१७ पासून सायटिस या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. मोठं फर्निचर न्यायचं तर कागद लागतात का, हे एजंटला आधी लेखी विचारा.

पणजीची तांब्या-पितळेची भांडी, जुनी पोथी, मोरपिसं?

इथे अडचण परदेशाची नाही, आपल्याच कायद्याची आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं. रोजच्या वापरातला हंडा-कळशी म्हणजे लगेच पुरावस्तू नव्हे, पण जुनी मूर्ती, देवाचे टाक, नाणी, हातची पोथी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र आधी घ्या. मोरपीस निर्यात करायला बंदी आहे, देव्हाऱ्यातलं एकच असलं तरी. वाघनख, हस्तिदंताची डबी यांचा विचारही नको.

सोनं?

कंटेनरमध्ये कधीच नाही; अंगावर किंवा हातातल्या बॅगेत. निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सच्या खिडकीवर दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या. त्यावर दागिन्यांचं वर्णन आणि वजन असतं, त्यामुळे सणाला परत येताना 'हे बाहेरून आणलं' असा संशय राहत नाही. जळगावच्या सराफाच्या पावत्या आणि मूल्यांकनाचा कागद सोबत असला की काम लवकर होतं. त्यासाठी नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.

दुबईला जातोय. काही वेगळं?

हो, दोन गोष्टी. खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी घातलेल्या मादक पदार्थांत मोडते. आपल्या घरच्या काळ्या मसाल्यात ती हटकून असते, आणि आईने प्रेमाने दिलेली बरणी तिथे फौजदारी प्रकरण होऊ शकते. दुसरं, ट्रामाडॉल, कोडीन असलेली वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं तिथे नियंत्रित आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिथल्या आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी असल्याशिवाय नेऊ नका. वापरलेल्या घरसामानाला तिथे ड्युटी माफ आहे.

नात्यातले म्हणतात, 'तुमच्या कंटेनरमध्ये आमच्या पोराचंही एक खोकं टाका.'

नाही म्हणा. इथे भिडस्तपणा महागात पडतो. फॉर्मवर तुम्ही सही करता ती 'हे सगळं माझं आणि माझ्या कुटुंबाच्या वापराचं' म्हणून. दुसऱ्याचं खोकं त्यात आलं की ती सही खोटी ठरते. आणि त्या खोक्यात काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं. 'फक्त कपडे' म्हणून दिलेल्यात मधोमध लोणच्याची बरणी निघते. काका-मामांना सांगा की कस्टम्सची अट आहे. ते खरंच आहे.

बुलेट किंवा गाडी नेता येईल?

सहसा परवडत नाही. अमेरिकेत २५ वर्षांपेक्षा नवी गाडी त्यांच्या सुरक्षा मानकांत बसावी लागते, ऑस्ट्रेलियात गाडी जहाजावर चढण्याआधी आयात मंजुरी लागते. विकून जा.

मिक्सर?

कस्टम्सची हरकत नाही. अमेरिका आणि कॅनडात वीज १२० व्होल्टची आहे, आपला मिक्सर तिथे चालत नाही. युरोप, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात प्लग बदलला की चालतो.

सामान आधी पाठवू की आम्ही आधी जाऊ?

तुम्ही आधी. व्हिसा आणि पत्ता नसताना पोचलेलं सामान बंदरात पडून राहतं आणि दिवसागणिक भाडं चढतं. उलट फार उशीरही नको: ब्रिटन आणि युरोपीय संघात स्थायिक झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत सामान यायला हवं. आणि तिथे, तसंच कॅनडात, ड्युटीमाफीने आणलेली वस्तू पुढचे बारा महिने विकायची नाही, नाहीतर ड्युटी भरावी लागते.

एजंट कसा निवडायचा?

सामान धुळे-नाशिकमार्गे मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जातं. तिथे कागद हाताळणारा कस्टम्स ब्रोकर परवानाधारक हवा. परवाना क्रमांक मागा. दरपत्रक घनमीटरप्रमाणे घ्या, आणि त्यात परदेशातल्या बंदराचे आकार, तपासणी फी, घरापर्यंतची डिलिव्हरी धरली आहे का, हे लेखी घ्या. स्वस्तातलं दरपत्रक बहुतेक वेळा परदेशातल्या बंदरापर्यंतच असतं. सामान थोडं असेल तर ते इतरांच्या सामानाबरोबर एका कंटेनरमध्ये जातं. मग दुसऱ्याच्या खोक्यात कीड सापडली तरी तुमचं सामान अडकू शकतं, त्यामुळे लागणारे कपडे, औषधं, मुलांची पुस्तकं आणि मूळ कागदपत्रं विमानातूनच न्या.

तपासणीत काही आक्षेपार्ह सापडलं तर?

घाबरून कबुलीजबाब किंवा वाद, दोन्ही नको. अधिकारी सहसा पर्याय देतो: धुरी, परत पाठवणं किंवा नष्ट करणं. प्रत्येकाचा खर्च लेखी मागा. दोनशे रुपयांच्या सुपासाठी शंभर डॉलरची धुरी देण्यात अर्थ नाही, ते सोडून द्या. झोपाळ्यासाठी मात्र द्या. वस्तू तुमच्या यादीत आधीच नावानिशी लिहिलेली असेल तर ती जाहीर केलेली धरली जाते. यादीची सही केलेली प्रत आणि प्रत्येक खोकं बंद करण्याआधी काढलेला फोटो फोनमध्ये ठेवा, आणि एक प्रत गावाकडे घरीही असू द्या, म्हणजे रात्री फोन आला तर आई सांगू शकेल की सात नंबरच्या खोक्यात नेमकं काय भरलं होतं.